नऊ आधी की दहा?

विद्यार्थी मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. पाठकोऱ्या कागदाच्या बारा चिठ्ठ्या करा आणि त्यांवर १ ते १२ हे आकडे लिहा. आता या चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या आहेत. पण अट अशी, की चिठ्ठीवरची खूण ही संख्या आहे हे विसरून जायचे. शब्दकोशात शब्द लावतात तशा त्या लावायच्या. शब्दकोशाचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. दोन शब्दांची पहिली अक्षरे ताडून पाहायची. ती सारखी असतील तर दुसरी, तीही सारखी असतील तर तिसरी. एखादा शब्द मध्येच संपला तर तो आधी. म्हणून 'कर' आधी येतो आणि 'करवत' नंतर.

या नियमाने क्रम असा येईल: १, १०, ११, १२, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९. दहा हा आकडा नऊच्याच काय, दोनाच्याही आधी आला! तुम्ही नियम अगदी काटेकोर पाळलात, तरी उत्तर मात्र व्यवहाराच्या उपयोगाचे नाही. याचे कारण असे, की आपली लिहिण्याची पद्धत आणि लावण्याचा नियम यांचा इथे मेळ बसलेला नाही.

तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये किंवा शाळेतल्या संगणकात माहितीची जी लहान लहान कोठारे असतात, त्यांपैकी पुष्कळ कोठारे नेमका हाच शब्दकोशाचा नियम चालवतात. त्यांना संख्या कळत नाहीत, तारखा कळत नाहीत, नावे कळत नाहीत. मग त्यांच्याकडून नऊनंतर दहा कसे मिळवायचे? त्याची युक्ती आपण या लेखात पाहणार आहोत.

कोठार आणि त्याच्या किल्ल्या

गावातले सार्वजनिक ग्रंथालय आणि आपल्या घरातले पुस्तकांचे कपाट यांत फरक असतो. ग्रंथालयाला वेगळी इमारत, ग्रंथपाल, नोंदवही असा सारा सरंजाम लागतो. घरचे कपाट आपल्याच खोलीत असते. उठावे आणि पुस्तक काढावे. बँका किंवा रेल्वे यांचा माहितीसाठा ग्रंथालयासारखा असतो. तो स्वतंत्र संगणकांवर चालतो. पण लहान कामासाठी माहितीसाठा आज्ञावलीच्या पोटातच ठेवता येतो, घरच्या कपाटासारखा. अशा साठ्यातील प्रत्येक नोंदीचे दोनच भाग असतात: एक किल्ली आणि दुसरे त्या किल्लीने उघडणारे मूल्य. म्हणून आपण त्याला किल्ली-मूल्य कोठार म्हणू.

ही कल्पना जुनी आहे. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी 'डीबीएम' नावाचे असे कोठार तयार केले. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून 'बर्कली डीबी' आले. २०११ मध्ये गूगलमधील जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांचे 'लेव्हलडीबी' सर्वांसाठी खुले झाले, आणि क्रोम या न्याहाळकाने संकेतस्थळांची माहिती वापरणाऱ्याच्याच यंत्रावर साठवण्यासाठी ते वापरले.

लेव्हलडीबीसारखे कोठार मुख्यतः तीन कामे करते. किल्ली व मूल्य दिले की ठेवून घेते. किल्ली दिली की मूल्य काढून देते. आणि 'या किल्लीपासून त्या किल्लीपर्यंतच्या सर्व नोंदी क्रमाने दे' असे म्हटले की त्या ओळीने देते. तिसरे काम जमावे म्हणून किल्ल्या नेहमी क्रमवार लावलेल्या असतात. क्रमवार असण्याचा आणखी एक लाभ आहे. एक लाख नोंदींतून एक शोधायची असेल, तर मधली नोंद पाहायची, हवी ती अलीकडे की पलीकडे ते ठरवायचे आणि अर्धा ढीग बाजूला सारायचा. दर वेळी ढीग निम्मा होतो. २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे. म्हणजे फार तर १७ वेळा पाहून हवी ती नोंद सापडते. लाख वेळा शोधण्याऐवजी सतरा वेळा!

मात्र ही तुलना करताना कोठाराला फक्त बाइट दिसतात. बाइट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एखादी संख्या मावेल एवढे स्मृतीतले घर. किल्ली म्हणजे अशा घरांची एक ओळ. दोन ओळी समोर आल्या की कोठार डावीकडून एकेक घर ताडून पाहते. ज्या ओळीचे घर लहान ती ओळ आधी. आपली बारा चिठ्ठ्यांची गोष्ट तीच. आकडे अक्षरांसारखे लिहिले, की दर आकड्याला एक संकेतांक मिळतो. आंतरराष्ट्रीय अंकांत शून्याला ४८, एकाला ४९ आणि नवाला ५७. दहाची सुरुवात ४९ ने होते, नवाची ५७ ने. कोठाराच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो.

एक उदाहरण हाती घेऊ

समजा, तालुक्यातील काही शाळांनी पर्जन्यमापक बसवले आहेत. रोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि नोंद संगणकात ठेवायची. भारतीय हवामान खात्याची रोजच्या पावसाच्या मोजणीची वेळही हीच आहे. आपल्या नोंदीत तीन गोष्टी आहेत: केंद्राचा क्रमांक, दिनांक आणि पावसाचे मिलिमीटर. यांपैकी पाऊस हे मूल्य, आणि केंद्र व दिनांक मिळून किल्ली.

चांगल्या किल्लीकडून आपल्या चार अपेक्षा आहेत. एक, दोन वेगळ्या नोंदींच्या किल्ल्या कधीही सारख्या होऊ नयेत. दोन, किल्ल्यांचा बाइटी क्रम आणि आपल्या मनातला खरा क्रम एकच असावा. तीन, किल्ली शक्य तितकी आखूड असावी. चार, किल्ली पाहून मूळ केंद्र व दिनांक परत काढता यावेत.

पहिला विचार सुचतो तो सरळ मजकूर लिहिण्याचा: 'केंद्र-००१७-२०२४-०६-१५'. यात क्रमांकाआधी शून्ये भरून सर्व क्रमांक चार अंकी केले आहेत, त्यामुळे नऊ म्हणजे ०००९ आणि दहा म्हणजे ००१०. आपला चिठ्ठ्यांचा घोटाळा मिटला. तारीखही वर्ष, महिना, दिवस अशी उलटी लिहिली आहे. का, ते पाहा. आपल्या नेहमीच्या रीतीने १५-०६-२०२४ असे लिहिले असते, तर कोठाराने आधी दिवस ताडले असते आणि सगळ्या वर्षांतील सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा केल्या असत्या. मोठे एकक आधी आणि लहान नंतर लिहिले की क्रम आपोआप सुधारतो. तारखा लिहिण्याच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही वर्षच आधी आहे.

ही किल्ली क्रमाला चांगली आहे, पण लांबीला? देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. 'केंद्र' या शब्दात क, मात्रा, अनुस्वार, द, हलन्त आणि र अशी सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. बारा अंकांचे ३६ आणि चार आडव्या रेघांचे ४. एकूण ५८ बाइट! पावसाच्या आकड्याला दोन बाइट पुरतात आणि त्याची किल्ली ५८ बाइटांची. कुलपापेक्षा किल्ली जड. लाख नोंदींसाठी नुसत्या किल्ल्यांचेच ५८ लाख बाइट होतील. काही कोठारे किल्लीच्या लांबीवर मर्यादाही घालतात. 'एलएमडीबी' नावाच्या कोठारात ती मूळ मांडणीत ५११ बाइट आहे.

एकं, दहं, शतं – पण २५६ च्या पटीत

किल्ली आखूड करायची तर संख्या अक्षरांनी न लिहिता थेट बाइटांत लिहायला हव्यात. दशमान पद्धतीत आपण एकं, दहं, शतं अशी स्थाने मानतो. बाइटांत प्रत्येक स्थान मागच्याच्या २५६ पट असते. दोन बाइटांत ० पासून ६५,५३५ पर्यंतची कोणतीही संख्या मावते. १७ म्हणजे ०, १७. ३०० म्हणजे १, ४४. कारण १ गुणिले २५६ अधिक ४४.

दिनांकाचीही संख्या करू. १ जानेवारी १९७० हा शून्यावा दिवस धरून तेथून दिवस मोजत या. १५ जून २०२४ हा १९,८८९ वा दिवस येतो. १९,८८९ म्हणजे ७७ गुणिले २५६ अधिक १७७. तेव्हा सतराव्या केंद्राच्या त्या दिवसाच्या नोंदीची किल्ली झाली: ०, १७, ७७, १७७. अवघे चार बाइट! दुसऱ्या दिवसाची ०, १७, ७७, १७८. लाख नोंदींच्या किल्ल्या ५८ लाखांऐवजी ४ लाख बाइटांत बसल्या.

आता कोठाराला विचारू: सतराव्या केंद्राचा २०२४ चा पावसाळा, १ जून ते ३० सप्टेंबर, दाखव. १ जून हा १९,८७५ वा दिवस, म्हणून पहिली किल्ली ०, १७, ७७, १६३. ३० सप्टेंबर हा १९,९९६ वा दिवस, म्हणून शेवटची किल्ली ०, १७, ७८, २८. या दोन किल्ल्यांच्या दरम्यान बरोबर १२२ नोंदी सलग सापडतात, ना एक कमी ना एक जास्त. चौथ्या घराचे २५५ भरले की तिसऱ्या घरात हातचा एक जातो, हेही यात तुम्हाला दिसेल.

पण जपा! संख्या बाइटांत मांडण्याच्या दोन रीती आहेत. एकीत मोठ्या स्थानाचा बाइट आधी, दुसरीत लहान स्थानाचा आधी. आज बहुतेक घरगुती संगणकांतील प्रक्रियक स्वतःच्या स्मृतीत दुसरी रीत वापरतात. त्या रीतीने २५६ ही संख्या ०, १ अशी लिहिली जाते, १ ही १, ० अशी आणि २५५ ही २५५, ० अशी. शब्दकोशाच्या नियमाने क्रम लागतो: २५६, १, २५५! म्हणून संख्या स्मृतीतून जशीच्या तशी उचलून किल्लीत टाकायची नाही. बाइट उलटवून मोठे टोक आधी आणायचे. या दोन रीतींना नावे दिली डॅनी कोहेन यांनी, १९८० साली. जोनाथन स्विफ्ट यांच्या गलिव्हरच्या प्रवासकथेत अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून लोक भांडतात. नावे तिथूनच घेतलेली आहेत. संख्या लिहिताना आपण मोठ्या टोकाकडून लिहितो आणि तारीख लहान टोकाकडून. दोन्ही पक्ष आपल्या घरात सुखाने नांदतात.

शून्याच्या खालचे जग

पाऊस उणे नसतो, पण तापमान असते. समजा, किल्लीत तापमान हवे आहे. संगणक एका बाइटात ऋण संख्या मांडताना २५६ मधून वजाबाकी करतो. −५ म्हणजे २५१. आता ५ च्या किल्लीत ५ आणि −५ च्या किल्लीत २५१. म्हणजे थंडी उन्हाळ्यानंतर आली. यावर उपाय तुम्ही भौतिकशास्त्रात शिकलेला आहात. सेल्सिअस मापनातील उणे अंश केल्व्हिन मापनात उणे राहत नाहीत, कारण आपण प्रत्येकात २७३.१५ मिळवतो. शून्याची जागा खाली सरकते, पण थंड ते थंड आणि उष्ण ते उष्णच राहते. इथेही तसेच करायचे. एका बाइटासाठी प्रत्येक संख्येत १२८ मिळवा. −५ चे १२३ होतात, ० चे १२८ आणि ५ चे १३३. क्रम बिनचूक!

अपूर्णांकाचे काय? १२.४ मिलिमीटर पावसाचे दशांश मिलिमीटर १२४ होतात; एकक लहान केले की अपूर्णांक उरतच नाही. हे जमण्यासारखे नसेल तर १९८५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दशांशचिन्ह सरकते ठेवून लिहिलेल्या संख्या वापराव्या लागतात. त्यांची रचना अशी आहे, की धन संख्येचा फक्त चिन्हदर्शक बिट आणि ऋण संख्येचे सगळे बिट उलटे केले, की बाइटांचा क्रम संख्यांच्या क्रमाशी जुळतो.

तुकडे जोडताना

केंद्र १ आणि दिवस २३ हे नुसते चिकटवून लिहिले तर १२३ होते. केंद्र १२ आणि दिवस ३ हेही १२३. दोन वेगळ्या नोंदींची एकच किल्ली! दोन्ही भागांना ठरावीक घरे दिली, जसे आपण वर दोन-दोन बाइट दिले, की हा धोका टळतो. पण गावाच्या नावाला ठरावीक घरे कशी देणार? तिथे नाव संपल्याची खूण म्हणून ० हा बाइट ठेवतात. शून्याहून लहान बाइट नाही, त्यामुळे 'कर' हा 'करवत'च्या आधी येण्याचा नियम पुढे दुसरा भाग जोडल्यावरही टिकतो. नावाच्या आतच ० आला, तर त्याच्यापुढे २५५ लिहून 'हा शेवट नव्हे' असे सुचवतात. खऱ्या शेवटानंतर मात्र २५५ येऊ द्यायचा नाही.

संख्या कधी लहान, कधी फार मोठ्या असतील, तर आणखी एक युक्ती आहे. आधी एका बाइटात संख्येची लांबी लिहायची, मग संख्या. १७ म्हणजे १, १७. ३०० म्हणजे २, १, ४४. ७०,००० म्हणजे ३, १, १७, ११२. जास्त घरे लागणारी संख्या नेहमी मोठीच असते, म्हणून क्रम बिघडत नाही. आणि लहान संख्यांसाठी जागा वाया जात नाही.

तुकड्यांपैकी आधी कोणता ठेवायचा, हेही विचार करून ठरवावे लागते. आपला पिन कोड पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचेही पंडित होते. त्याचा पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक टपालाची छाननी करणारा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय. म्हणून ४११ ने सुरू होणारे सगळे कोड लावून ठेवले की पुण्याकडचे टपाल एकत्र येते. आपल्या किल्लीत केंद्र आधी आहे, म्हणून एका केंद्राच्या सर्व नोंदी सलग आहेत. पण 'अमुक दिवशी सगळ्या केंद्रांवर किती पाऊस पडला?' असे रोज विचारायचे असेल, तर दिवस आधी हवा. कोणता प्रश्न वारंवार विचारला जाणार, त्यावर किल्लीची रचना अवलंबून असते.

सलगपणाचा आणखी एक फायदा आहे. लेव्हलडीबी शेजारच्या किल्ल्यांचा सारखा असलेला आरंभ दर वेळी लिहीत नाही, फक्त वेगळा भाग लिहिते. म्हणजे चांगला क्रम स्वतःच जागा वाचवतो.

ळ कुठे गेला?

मराठीच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट आता सांगतो. शाळेत आपण वर्णमाला शिकतो: य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. यात ळ हा ह च्या नंतर येतो. पण सर्व लिप्यांसाठी केलेल्या यूनिकोड या तक्त्यात देवनागरी लिपी अनेक भाषांसाठी मिळून मांडलेली आहे, आणि त्यात ळ चे स्थान ल च्या लगेच पुढे आहे. ळ चे तीन बाइट २२४, १६४, १७९ आणि व चे २२४, १६४, १८१. परिणामी 'काळ', 'कावळा', 'कासव' हे शब्द कोठारात याच क्रमाने लागतात. आपल्या वर्णमालेप्रमाणे मात्र क्रम हवा: कावळा, कासव, काळ.

इथेही उपाय तोच: किल्ली लिहिण्याची पद्धत बदलायची. मराठीच्या प्रत्येक चिन्हाला वर्णमालेच्या क्रमाने आपलाच एकेक बाइटाचा अंक द्यायचा, ळ ला ह च्या पुढचा. 'कावळा' या शब्दाच्या पाच चिन्हांना १५ ऐवजी ५ बाइट लागतील. क्रम सुधारला आणि किल्लीही एक तृतीयांश झाली. मूळ शब्द मूल्याच्या भागात जसाच्या तसा ठेवावा. अनुस्वार व जोडाक्षरे यांचे नियम याहून नाजूक आहेत. त्यासाठी यूनिकोड संस्थेने शब्द लावण्याची एक सविस्तर पद्धत प्रसिद्ध केली आहे आणि तिच्यात भाषेप्रमाणे बदल करता येतात.

काटकसर कुठे थांबवावी?

किल्ली आखूड करण्याच्या नादात माहितीच कापली गेली तर? विसाव्या शतकात स्मृती फार महाग होती, म्हणून पुष्कळ ठिकाणी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवले गेले. १९९९ चे ९९ आणि २००० चे ००. ज्या क्रमासाठी तारीख लिहायची, तोच क्रम सहस्रक बदलताना उलटणार होता. तो टाळण्यासाठी जगभरातील आज्ञावल्या तपासून दुरुस्त कराव्या लागल्या.

असाच दुसरा प्रसंग पुढे यायचा आहे. पुष्कळ प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. चार बाइटांत धन व ऋण दोन्ही संख्या लिहायच्या तर सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ होते. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला ज्या यंत्रांत अजून चार बाइटांचीच मोजणी असेल, त्यांचे घड्याळ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. म्हणूनच नव्या प्रणालींत आठ बाइट वापरतात.

आपल्या पर्जन्यमापकाच्या किल्लीतही असा धोका दडलेला आहे. दिवसाला दोन बाइट दिले म्हणजे ६५,५३६ दिवस, सुमारे १७९ वर्षे, निश्चिंती झाली. पण समजा, पुढे शाळेत स्वयंचलित पर्जन्यमापक आला आणि तो दर पंधरा मिनिटांनी नोंद करू लागला. आपल्या किल्लीत तर वेळेला जागाच नाही! दिवसभराच्या ९६ नोंदींची किल्ली एकच. कोठार दर वेळी जुने मूल्य पुसून नवे ठेवील आणि रात्री फक्त शेवटची नोंद उरेल. ढगफुटी दुपारी चार ते पाचच्या दरम्यान झाली असेल, तर तिचा मागमूसही राहणार नाही.

काही जण लांबलचक नोंदीचे गणिती कुटून-कांडून ठरावीक लांबीचे पीठ करतात आणि ते किल्ली म्हणून वापरतात. किल्ली खरोखरच आखूड होते; पण पिठातून दाणे परत मिळत नाहीत आणि क्रमही नाहीसा होतो. शिवाय दोन वेगळ्या नोंदींचे पीठ सारखे निघण्याचा धोका वाटतो त्याहून पुष्कळ मोठा आहे. वर्गात २३ मुले असली, तरी त्यांतील दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. त्याच गणिताने, चार बाइटांच्या पिठाला चारशे कोटींहून अधिक निरनिराळे प्रकार असूनही, सुमारे ७७ हजार नोंदींतच निदान दोघींची टक्कर होण्याची शक्यता निम्मी होते.

या सगळ्यात सर्वांत घातक गोष्ट कोणती असेल, तर कोठार तक्रार करीत नाही. किल्ली चुकीच्या रीतीने लिहिली तर यंत्र बंद पडत नाही, लाल दिवा लागत नाही. 'नऊ ते बारा दे' म्हटले की मजकुराच्या क्रमाने नऊनंतर बारा नसतातच, म्हणून ते मुकाट्याने 'काही नाही' असे उत्तर देते. विचारणाऱ्याला वाटते, त्या दिवसांत पाऊसच पडला नाही. उद्या त्याच आकड्यांवरून कोणी धरणाचे पाणी सोडायचे ठरवणार असेल, किंवा पावसाऐवजी त्या नोंदी रुग्णाला दिलेल्या औषधांच्या असतील, तर या मौनाची किंमत किती होईल याचा विचार करा. आणि लाखो नोंदी एकदा लिहिल्या गेल्या, की किल्लीची पद्धत बदलायची म्हणजे सर्व नोंदी नव्याने लिहायच्या. म्हणून किल्लीचा विचार पहिल्या नोंदीच्या आधीच व्हायला हवा.

करून पाहा

१. शाळेच्या ग्रंथालयासाठी किल्ली तयार करा. 'एका विद्यार्थ्याने वर्षभरात नेलेली पुस्तके' आणि 'एक पुस्तक नेणारे विद्यार्थी' हे दोन्ही प्रश्न चटकन सुटायला हवेत. एक किल्ली पुरेल, की दोन लागतील?

२. −४०, −१, ०, १, २५ आणि ४५ या तापमानांसाठी आपल्या रीतीने एका बाइटाच्या किल्ल्या लिहा, क्रमाने लावा आणि पुन्हा मूळ तापमान काढून ताळा घ्या.

३. पंधरा मिनिटांच्या नोंदींसाठी पर्जन्यमापकाच्या किल्लीत किती बाइट वाढवावे लागतील? दिवसाचे ९६ भाग आहेत, एवढी सूचना पुरे.

शिक्षकांना एक सूचना: तिसऱ्या प्रश्नात काही विद्यार्थी उद्या दर मिनिटाला नोंद आली तर काय, असे विचारतील. त्यांना १,४४० ही संख्या फळ्यावर लिहून द्या आणि किती बाइट लागतील हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्या.